इंजिनाची पाचर

कापसाला यंदाही भाव नव्हता. "गोठ्यातलं पाण्याचं इंजिन विकून टाकतो," बापूजी बायकोला म्हणाले. ते त्यांच्या लग्नाच्या साली आलेलं.

"टाका ना, जागा तरी मोकळी होईन," विमलताईंनी झटक्यात सांगितलं.

चाकं काढल्याशिवाय इंजिन गाडीत चढणार नव्हतं, आणि चाक जखडून ठेवणारी लोखंडी पाचर काही केल्या निघेना. नंदकिशोर मिस्त्रीनं कशीबशी ती बोटभर बाहेर ओढली. पण चहा पिऊन येतो तर पाचर आत, जेवून येतो तर आणखीच आत!

"हे इंजिन काही तुमाले सोडत नाई, बापूजी!" हात जोडून मिस्त्री निघून गेला.


पदराआडचा बत्ता ठेवायला विमलताई लगबगीनं घरात शिरल्या, तर बापूजी कापसाच्या ढिगात हातोडा लपवत होते.