तपासणीची बाटली

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात रेणुकानं मास्तर भावाला तंबूच्या कनातीआड उभं केलं अन् आत जाऊन वैद्यराजापुढं लघवीची बाटली आपटली. हस्तमैथुनानं नामर्द झालास, असं ह्याच बाबानं भावाच्या डोक्यात भरवलं होतं, अन् हळद आठ दिवसांवर असताना भाऊ लग्न मोडायला निघाला होता. तशानं काहीच बिघडत नाही, असं डॉक्टरीणबाईनं बजावूनही त्याला पटेना. मागच्या बाजारी ह्याच तंबूत बाटलीतली आपली लघवी दुधासारखी झालेली त्यानं डोळ्यांनी पाहिली होती ना! “कोणाची?” वैद्यराजानं विचारलं. “घरचीच. पाहा लवकर!” वैद्यराजानं चिमूटभर भुकटी टाकली. बाटली पांढरीफटक झाली. “अरारा! सारी धात वाहून राह्यली. हाताच्या चुका, दुसरं काय! ह्याले लेकरू होत नसते.” “पक्कं?” “लिहून देतो!” रेणुका कनातीकडं तोंड करून गरजली, “ऐकलं का रे नवरदेवा? बाटली आपल्या म्हशीची हाय, अन् म्हैस परवाच व्याली!”