पेरूचा धूर

मंडपामागे चिंचेचे निखारे फुलले होते. मटणाला गोड धूर लागावा म्हणून इनास पेरूची लाकडं हुंगून निवडत होता. आतून बुरसटलेलं एखादं गेलं, तर लग्नाचं जेवण कडू. पण पावसाळ्यातल्या तापानंतर त्याला वास म्हणून येत नव्हता, आणि हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

शेजारी लसूण सोलत बसलेली ती खोकली. त्याच्या हातातलं लाकूड निसटून फुटलं, आत काळी बुरशी. पुढच्या लाकडांना ती गप्प राहिली, मग परत खोकली. त्याने तेही लाकूड आपटून फोडलं. आत बुरशीच.

"तुझा खोकला बरेच दिवस चाललाय," तो सावकाश म्हणाला.

"तुमच्या तापापासूनच," लसणावरची नजर न काढता ती म्हणाली. "घ्या पुढचं."