मधला बाक

होडीचं नाक आभाळाकडे गेलं आणि समोरची खाडी मला दिसेनाशी झाली. होडी जुनी, जड इंजिन मागे. देवीची पालखीही मागेच, छपराखाली, आणि तिला चिकटून गावचे सगळे मानकरी. पुढचे बाक रिकामे.

"चौघं पुढे सरका, मला काही दिसत नाही," मी सुकाणूवरून ओरडलो.

"देवीकडे पाठ करून बसू?" बापू खोत म्हणाले. "तू इंजिन दुरुस्त कर."

तेवढ्यात समोरून शिव्या आल्या. कुणाचं तरी होडकं थोडक्यात वाचलं होतं. मी इंजिन बंद केलं आणि गुरवाला पालखी पार पुढे न्यायला सांगितलं. तिच्यामागोमाग सगळे मानकरीही पुढे गेले. नाक बुडालं आणि पाणी आत आलं.

शेवटी पालखी मधल्या बाकावर ठेवली. मानकरी भोवती बसले. होडी सरळ चालली.

"झालं ना इंजिन दुरुस्त?" खोतांनी विचारलं. मी हो म्हणालो.

देवी पलीकडे बहिणीच्या देवळात मुक्कामाला राहिली. परतताना मधल्या बाकावर मी डिझेलचा कॅन ठेवला. मानकरी त्याच्याभोवती बसले. कुणीही त्याच्याकडे पाठ केली नाही.