आक्काला कळवायचा सिनेमा

‘प्रमिला गेल्यापासून एकटाच सिनेमे बघतोस म्हणे. कोणता आवडला, कळव,’ असं थोरल्या आक्कानं जानेवारीत लिहिलं होतं. त्यानंतरही मी दर शुक्रवारी सिनेमा पाहिला, पण उत्तर लिहिलं नाही. मला सिनेमातलं काय कळतं?

दिवाळीत तिचाच फोन आला. “परीक्षण नकोय रे शहाण्या. रडलास कुठे, तेवढं सांग.”

मग मी लिहिलं, ‘एका विनोदी सिनेमात म्हातारा स्वतःचा चष्मा हरवतो आणि बायकोचा गुलाबी चष्मा लावून पेपर वाचतो. सगळं थिएटर हसत होतं. मी रडलो. बहुतेक मला सिनेमा समजला नाही.’

वाचल्यावर शेवटचं वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, ‘हे पत्रही मी प्रमिलाचाच चष्मा लावून लिहितोय.’ आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.