मल्हारीच्या नावाचा चेंडू

सातपूरच्या एका कारखान्यात दरवर्षी सव्वीस जानेवारीला दिवसपाळी विरुद्ध रातपाळी असा सामना होई. मल्हारी बॅटिंग करता करता याच पिचवर कोसळून गेला, तेव्हापासून पहिला चेंडू त्याच्या नावाने रिकाम्या क्रीजवर टाकायची रीत पडली. तो चेंडू अडवायचा मान विकेटकीपर चिंतामणचा. तो मल्हारीचा धाकटा भाऊ.

यंदा बोलरच्या टोकाला मल्हारीचा मुलगा संकेत पहिल्यांदाच बॅट घेऊन उभा होता.

चेंडू सुटला. चिंतामणने ग्लोव्ह्ज पुढे केले, पण ते रिकामेच राहिले. बॅटचा खणखणीत आवाज झाला आणि चेंडू पार सीमारेषेकडे पळत गेला. मैदानावर कोणी जागचं हललं नाही.

एकटा संकेत धावत सुटला.

"अरे, कुठे पळतोस?" चिंतामण ओरडला.

संकेत त्याच्यापाशी येऊन थांबला. पोराचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"काका, बाबांनीच हाक दिली."

चिंतामणने त्याचं मनगट घट्ट धरलं. ते गार पडलं होतं. पलीकडच्या मोकळ्या टोकाला, कोणीतरी बॅट टेकवावी तशी धूळ उडाली.

"सोडा ना काका," संकेत हात ओढत म्हणाला, "ते दुसऱ्या रनसाठी बोलावताहेत."