तय्यिबा एअरचा दूरध्वनी

“तिसऱ्यांदा लावला, मॅडम. तेच. रेकॉर्डिंग लागतं, माणूस कोणी उचलत नाही.”

किर्तीने फोन स्पीकरवर टाकून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता. कात्रपमधल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आवाज नीट येई तो तेवढ्याच जागी. पलीकडे बोलणाऱ्या अभिजीतला तिने कधी पाहिले नव्हते. एका नव्या विमान कंपनीने तिची निवड केली होती, आणि उमेदवाराची आधीची नोकरी खरी की खोटी हे पडताळण्याचे काम त्याच्याकडे होते. जुन्या कचेरीतल्या जिवंत माणसाने फोन घेऊन ‘होय, ही आमच्याकडे होती’ असे म्हणावे, असा नियम होता. प्रयत्न तीन. त्यानंतर निवड रद्द.

“माझ्याकडे पत्र आहे त्यांचं. ओळखपत्र आहे. युनिफॉर्ममधले फोटो आहेत.”

“पत्र काय, उल्हासनगरात कोणत्याही कंपनीचं छापून मिळतं. राग मानू नका, मी स्वतः तिथलाच, कॅम्प चारचा आहे.”

किर्तीला हसू आले आणि लगेच ओसरले. आत स्वयंपाकघरात तिच्या आईचा, राजाबाईंचा, मिक्सर घरघरत होता.

तय्यिबा एअर ही शरियतच्या नियमांनी चालणारी मलेशियातील कंपनी. विमानात मद्य नाही, जेवण हलाल, हवाई सुंदऱ्यांचे केस झाकलेले, आणि विमान जागचे हलण्यापूर्वी प्रवासाची दुआ. तिथे नोकरीला लागलेल्या किर्तीला ती दुआ दुसऱ्याच आठवड्यात पाठ झाली होती. शेजाऱ्यांनी नाके मुरडली, राजाबाई मात्र म्हणाल्या होत्या, “दारू पिऊन कोणी अंगावर येणार नाही, आणि निघताना देवाचं नाव घेतात. आपल्या एसटीत एवढं तरी असतं का? जा तू.” पहिल्या उड्डाणाला उतारू आनंदाने रडले. पाचव्या महिन्यात वैमानिकांनी काम थांबवले, पाठोपाठ सरकारने परवाना काढून घेतला, आणि कंपनीची दोन्ही भाड्याची विमाने मालकांनी परत नेली. कचेरीतल्या खुर्च्यासुद्धा गेल्या म्हणे. दूरध्वनी तेवढा तोडायचा राहिला.

त्या क्रमांकावर किर्ती अजून रोज एकदा फोन लावी. आधी मलय भाषेत स्वागत होई, मग इंग्रजीत, शेवटी हिंदीत. हिंदी आवाज तिचा स्वतःचा होता. त्याचा पहिला शब्द कानी पडताच ती फोन बंद करी. आपणच आपल्याला लाइनवर थांबायला सांगत आहोत, हे तिला ऐकवत नसे.

“एक विचारू?” अभिजीत म्हणाला. “शेवटी हिंदीत बोलते ती मुलगी, ती तुम्हीच ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“पूर्ण ऐकलं म्हणून. तुम्ही नाही ऐकलंत कधी? सगळं बोलून झाल्यावर ती हळूच ‘बरं, येते’ म्हणते. मराठीत! तिकडे असं कोण म्हणणार? माझी आई दळणाला निघाली तरी हेच म्हणते.”

किर्तीला ध्वनिमुद्रणाची ती लहानशी बंद खोली आठवली. काम आटोपल्यावर ती उठली होती, आणि निरोप घेताना ‘जाते’ म्हणायचे नसते या घरच्या वळणाने तो शब्द तिच्या तोंडून निघाला असणार. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला मराठी कुठून कळणार? तोही संदेशाचाच भाग, असे समजून त्याने ते राहू दिले. कंपनी जिवंत होती तोवर कोणी ना कोणी त्याआधीच फोन उचली. आता उचलणारे कोणी उरले नव्हते, म्हणून संदेश शेवटापर्यंत जात होता.

“मग झालं की!” ती म्हणाली. “मी तिथे होते हे तुम्ही तुमच्या कानांनी ऐकलंत. लिहा तसं.”

पलीकडे कागद सळसळला.

“फॉर्मवर दोनच रकाने आहेत, मॅडम. बोलणं झालं, किंवा नाही झालं. झालं म्हटलं, तर कोणाशी झालं ते लिहावं लागतं.”

“माझ्याशी.”

“तुम्ही तर इथे आहात.”

किर्ती फोनच्या आणखी जवळ सरकली.

“सॉरी, मॅडम. खरंच सॉरी,” तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

मिक्सर केव्हाच थांबला होता. किर्तीने तय्यिबाचा क्रमांक स्पीकरवरच पुन्हा लावला. मलय झाले. इंग्रजी झाले. या वेळी तिने हात मांडीवर तसाच राहू दिला.

“अस्सलामु अलैकुम. तय्यिबा एअर में आपका स्वागत है. कृपया लाइन पर बने रहिए.”

आवाज ताजा होता, आणि पुढे काय घडणार याची त्याला काही कल्पना नव्हती. मग खुर्ची सरकली.

“बरं, येते.”

“ये गं. सांभाळून ये,” राजाबाई आतून म्हणाल्या.

फोनमध्ये टाचांचा आवाज दूर दूर गेला. एक दार लागले.

ओले हात पदराला पुसत राजाबाई बाहेर आल्या. किर्ती खिडकीशी बसली होती. घराच्या दाराला आतून कडी होती. राजाबाईंनी कडीकडे पाहिले, मग लेकीकडे.

“तू इथेच आहेस? मग आत्ता गेलं कोण?”