आक्कांचा ब्रेक

जुनी कॉन्टेसा गाडी कंपनीतून निघाली तशी करून देणाऱ्या दस्तगीर मिस्त्रीला परका स्क्रू नुसत्या वासाने कळायचा. डाव्या सीटपुढचा जादा ब्रेक काढायला तो गाडीखाली शिरला, तशा मालकीण विमलाक्का कळवळल्या.

"तेवढा राहू दे रे. हे होते तेव्हा गाडी वाऱ्यासारखी हाणायचे. आंबा घाटात ट्रक आडवा आला, तेव्हा मीच दाबला, म्हणून वाचलो."

दस्तगीरने खालून पाहिलं. ब्रेक कशालाच जोडलेला नव्हता. वीस वर्षं बाई तो पायाने दाबायच्या आणि शेजारी नवरा गुपचूप आपला ब्रेक मारायचा.

"हा ठेवला तर जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात नंबर जाईल, आक्का."

"जाऊ दे. आता थोरला चालवतो, बापासारखीच."

संध्याकाळपर्यंत खपून दस्तगीरने तो ब्रेक पहिल्यांदाच चाकांपर्यंत जोडला. मग हात पुसत म्हणाला, "जरा ढिला झाला होता, आक्का. घट्ट केलाय."